परदेशातली नोकरी, पेन्शन कुणाची? बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका कारखान्याच्या पगार खात्यात मी एकतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर वाटलं होतं, पीएफ हा शब्द आता फक्त स्वतःच्या पासबुकात दिसेल. तसं काही झालं नाही. शनिवारी संध्याकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या बैठकीत कुणी ना कुणी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन येतंच. पिशवीत मुलाचे नाहीतर सुनेचे परदेशी कागद असतात, आणि प्रश्न बहुधा गेल्या शनिवारचेच असतात. म्हणून एकदाचे लिहून काढले.

बडोद्यात बसून दुसऱ्या देशांच्या पेन्शनचं राजकारण कशाला समजून घ्यायचं?

आमच्या वेळी आयपीसीएल, जीएसएफसी किंवा कोयलीच्या रिफायनरीत चिकटलेला माणूस तिथूनच निवृत्त व्हायचा. आता सावलीला मेट्रोचे डबे बनतात. तो कारखाना आधी कॅनडाच्या बॉम्बार्डियरचा होता, २०२१ पासून फ्रान्सच्या आल्स्टॉमचा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेनचे पंतप्रधान बडोद्याला आले आणि आपल्या पंतप्रधानांबरोबर टाटा-एअरबसच्या सी-२९५ विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन करून गेले. अशा उद्योगांतली पोरं दोन-चार वर्षं बाहेर जातात, परत येतात, पुन्हा तिसरीकडे जातात. जिथे जातील तिथे पगारातून सक्तीची वर्गणी कापली जाते. ती पुढे पेन्शन म्हणून परत येते की तिथल्या सरकारच्या खजिन्यात जिरते, हे दोन सरकारांमध्ये करार झाला आहे का यावर ठरतं. असा करार कधी व्हायचा आणि कधी अडून राहायचा, ते राजकारण ठरवतं.

सगळ्या देशांनी बसून एकच नियम का करून टाकत नाहीत?

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक इंजिनिअर असतो. यंत्राचा सुटा भाग सगळीकडे एका मापाचा असावा, तसं त्याला पेन्शनचं वाटतं.

इथे दोन कामं आहेत आणि ती निरनिराळी ठेवली पाहिजेत. एक म्हणजे सगळ्यांचे नियम एकसारखे करणं: निवृत्तीचं वय, वर्गणीचा दर, किती वर्षांनी हक्क बसतो, कर कधी लागतो. दुसरं म्हणजे नियम जसे आहेत तसेच ठेवून माणसाची वर्षं जोडणं. आपली डभोईची छोटी गाडी आणि मुंबईची मोठी गाडी यांचे रूळ कधी एका मापाचे नव्हते. मियागामला माल या डब्यातून उतरवून त्या डब्यात चढवत. रूळ बदलायचा खर्च डोंगराएवढा, पण हमाली परवडायची. देशादेशांतले सामाजिक सुरक्षेचे करार ही अशीच हमाली आहे.

रूळ का बदलत नाहीत? फ्रान्सने २०२३ मध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करायचं ठरवलं, तर लाखो लोक रस्त्यावर उतरले. जर्मनीत १९६४ पासून पुढे जन्मलेल्याला पूर्ण पेन्शन ६७ व्या वर्षी. आपलं ईपीएस, म्हणजे पीएफबरोबरची पेन्शन योजना, ५८ ला. स्वतःच्या देशात दोन वर्षं वाढवताना ज्या सरकारची दमछाक होते, ते शेजाऱ्याचं वय आपल्या लोकांवर कशाला लादून घेईल? आणि प्रत्येक योजनेत मागच्या पिढीला दिलेला शब्द अडकलेला असतो. तो मोडला की मतं जातात.

माझं मत विचाराल तर पहिल्या कामाच्या मागे लागू नये. आपल्या पोरांचं नुकसान दुसरं काम अर्धवट राहिल्यामुळे होतं.

मुलगा जर्मनीत चार वर्षं नोकरी करून परत आला. तिथले पैसे परत मिळतात म्हणे. घ्यावेत का?

रावपुऱ्यातल्या एक मावशी हाच प्रश्न घेऊन आल्या होत्या. त्यांच्याजवळ जर्मन पेन्शन विमा खात्याचं पत्र होतं आणि त्यावर बारा अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक. मावशी म्हणाल्या, ‘यात याची जन्मतारीख कशी काय आली?’ बरोबर होतं त्यांचं. पहिले दोन आकडे खात्याचे, पुढचे सहा जन्मतारखेचे, मग आडनावाचं पहिलं अक्षर. हा क्रमांक जन्मभर तोच राहतो. म्हणून ते पत्र लॅमिनेट करू नका, पण हरवूही नका.

आता हिशेब. जर्मनीत पेन्शनची वर्गणी पगाराच्या १८.६ टक्के, त्यातली निम्मी कामगाराची आणि निम्मी मालकाची. पाच वर्षं भरली नसतील आणि माणूस युरोपाबाहेर परतला असेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर चोवीस महिने थांबून अर्ज करता येतो. परत मिळतो तो फक्त स्वतःचा वाटा. मालकाचा ९.३ टक्क्यांचा वाटा तिथेच राहतो. आणि पैसे घेतले की ती चार वर्षं खात्यातून पुसली जातात.

दुसरा रस्ता हा. भारत आणि जर्मनी यांचा सर्वंकष करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्यात वर्षं जोडता येतात. समजा, मुलाची जर्मनीत चार आणि भारतात ईपीएसची सात वर्षं झाली. एकट्या जर्मनीला पाच हवीत, एकट्या भारताला दहा. सुटी मोजली तर दोन्हीकडे शून्य. जोडली की अकरा होतात आणि दोन्ही दारं उघडतात. मग जर्मनी चार वर्षांची पेन्शन देईल, भारत सात वर्षांची. कुणी कुणाच्या वाट्याचं देत नाही.

भारताच्या सात वर्षांचे किती? ईपीएसचं सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,००० धरली तर महिना १,५०० रुपये. मावशींचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘एवढ्यासाठी?’ एवढ्यासाठी नाही. जर्मनीकडची चार वर्षं युरोमध्ये मोजली जातात आणि मालकाचा वाटाही त्यात शाबूत राहतो. मुलगा तिशीतला असेल, लगेच घराचं डाउन पेमेंट भरायचं नसेल, तर मी वर्षं ठेवायला सांगतो. कर्जात असेल तर गोष्ट वेगळी. मावशींच्या मुलाने शेवटी पैसे घेतले, वाघोडिया रोडला फ्लॅट बुक केला होता. चूक म्हणणार नाही.

सीओसी म्हणजे काय, आणि तो कुणी काढायचा?

सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज. हा माणूस भारतात पीएफ भरतो आहे, तुम्ही पुन्हा कापू नका, असं सांगणारा दाखला. ईपीएफओ, म्हणजे पीएफचं सरकारी खातं, देतं, अर्ज ऑनलाइन होतो आणि पुढे पाठवण्याचं काम मालकाचं. तो चालतो फक्त करार असलेल्या देशात, आणि भारतातल्या कंपनीने पाठवलेल्या माणसाला. तिथल्या कंपनीत थेट नोकरी धरली की सीओसीचा उपयोग नाही, मग तिथलीच वर्गणी.

मुदत करारागणिक वेगळी असते. बेल्जियम, कॅनडा आणि जपान या करारांत ती पाच वर्षांपर्यंत आहे. विमानात बसण्याआधी काढा. जाऊन सहा महिने झाल्यावर धावाधाव करणाऱ्यांची एक वेगळी पिशवीच माझ्याकडे आहे.

भारताचे करार कुणाकुणाशी आहेत?

बेल्जियमपासून सुरुवात झाली. सही २००६ ची, अंमल १ सप्टेंबर २००९ चा. मग जर्मनी, स्वित्झर्लंड, डेन्मार्क, लक्झेंबर्ग, फ्रान्स, दक्षिण कोरिया, नेदरलँड्स, हंगेरी, फिनलंड, स्वीडन, चेक प्रजासत्ताक, नॉर्वे, ऑस्ट्रिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान, पोर्तुगाल. क्यूबेकशी वेगळा, कारण कॅनडात त्या प्रांताची पेन्शन वेगळी. ब्राझीलचा १ जानेवारी २०२४ पासून.

यादी नीट वाचली तर कळतं, की आपली पोरं सर्वांत जास्त जिथे जातात त्या जागा यात नाहीत. अमेरिका नाही, आखात नाही. ब्रिटनचं पुढे सांगतो.

अमेरिकेशी का होत नाही? त्यांचे तीस देशांशी आहेत म्हणे.

आहेत. पहिला इटलीशी, १९७८ मध्ये. आपण वीस वर्षं मागतो आहोत.

अमेरिकेत पगाराच्या ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीला आणि १.४५ टक्के मेडिकेअरला कापतात, मालक तेवढेच घालतो. पेन्शनचा हक्क चाळीस क्रेडिटनंतर, आणि वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट, म्हणजे दहा वर्षं. एच-१बी व्हिसा साधारण सहा वर्षांचा. ग्रीन कार्डाच्या रांगेत न लागता परतणाऱ्याची सहा वर्षांची वर्गणी गेलीच म्हणायची. परताव्याची सोय तिथे नाही. जर्मनीसारखं चोवीस महिने थांबून काही मिळत नाही.

अमेरिकेचं कायदेशीर उत्तर तयार असतं. त्यांच्या सोशल सिक्युरिटी कायद्याचं कलम २३३ म्हणतं की समोरच्या देशातली योजना सर्वसाधारणपणे सगळ्यांना लागू असलेली पाहिजे. आपलं ईपीएफ मुख्यतः वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना. शेतमजूर, रिक्षावाला, मांडवीच्या दुकानातला पोऱ्या, कुणीच त्यात नाही. त्यामुळे मुद्दा अगदी खोटा नाही.

पण कायद्याच्या आड हिशेबही आहे. अमेरिकेत वर्गणी भरणारे भारतीय खूप, भारतात वर्गणी भरणारे अमेरिकन मूठभर. करार झाला की अमेरिकेच्या निधीत येणारी रक्कम आटते आणि बदल्यात फारसं काही मिळत नाही. त्यांच्या कुठल्याही पक्षाला हे मतदारांपुढे मांडणं जड जाईल. मेक्सिकोशी त्यांनी २००४ मध्ये सही केली, पण तो करार आजवर अमलात आला नाही. स्थलांतराचा विषय तापला की पेन्शनचा कागद फायलीत तळाला जातो.

दहा वर्षं पूर्ण झाली असतील तर मात्र घाबरू नका. चाळीस क्रेडिट असलेल्या भारतीय नागरिकाला बडोद्यात राहूनही ती पेन्शन मिळू शकते.

आमच्या कारखान्यात आलेल्या परदेशी साहेबाच्या पूर्ण पगारावर पीएफ का कापतात?

२००८ मध्ये आपल्या सरकारने ‘आंतरराष्ट्रीय कामगार’ नावाचा नवा वर्ग काढला. करार नसलेल्या देशातून आलेल्याला १५,००० ची मर्यादा नाही, सगळ्या पगारावर १२ टक्के, मालकाचे तेवढेच, आणि पैसे सहसा ५८ व्या वर्षी. नेपाळ आणि भूतानच्या लोकांना सूट.

पगार खात्यात हा आदेश आला तेव्हा आम्ही कपाळाला हात लावला. एका परदेशी तंत्रज्ञाला समजावायचं होतं की त्याच्या महिन्याच्या पगारातून एवढी मोठी रक्कम कापली जाणार आणि ती त्याला वीस वर्षांनी मिळणार. त्याने मला तीनदा विचारलं, आकडा चुकलाय का? चुकला नव्हता. दिल्लीला हेच हवं होतं. परदेशी कंपन्यांना टोचलं की त्या आपापल्या सरकारांकडे ओरडणार आणि ती सरकारं करारासाठी टेबलाशी येणार. २००९ नंतर युरोपच्या करारांची जी रीघ लागली, तिच्यात या टोचणीचा वाटा आहे असं मी मानतो. अमेरिका काही हलली नाही.

न्यायालयांचंही एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ही तरतूद भेदभाव करणारी म्हणून घटनाबाह्य ठरवली. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये तीच वैध ठरवली. परदेशी साहेब कुठल्या राज्यात बसतो यावरून मालकांचे वकील वेगवेगळे सल्ले देतात.

ब्रिटनशी करार झाला ना? मग आता तिथली पेन्शन मिळणार?

नाही. हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज.

मे २०२५ मध्ये व्यापार कराराबरोबर जे जाहीर झालं त्याचं नावच दुहेरी वर्गणी टाळण्याचा करार. भारतातून तात्पुरतं पाठवलेल्याने तिथे नॅशनल इन्शुरन्स (तिथली सक्तीची वर्गणी) भरायचा नाही, भारतातला पीएफ चालू ठेवायचा. तेव्हा मुदत तीन वर्षांची सांगितली गेली. त्यात वर्षं जोडण्याची सोय नाही. ब्रिटनच्या सरकारी पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात, पूर्ण पेन्शनला पस्तीस. सात वर्षं तिथे राहून परत आलेल्याची सात वर्षं या कराराने कुठेच जोडली जात नाहीत.

त्यावरही तिकडे गदारोळ झाला. महिनाभरापूर्वीच, एप्रिल २०२५ मध्ये, तिथल्या मालकांचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्के झाला होता. दुकानदार, हॉटेलवाले आधीच चिडलेले. त्यात विरोधकांनी म्हटलं, आमच्या कामगारावर कर वाढवला आणि भारतीयाला माफ केला. सरकारने सांगितलं की अमेरिका, जपान, युरोपीय संघ यांच्याशी अशी व्यवस्था केव्हापासूनच आहे. ते खरंही होतं. पण अमेरिकन माणसाच्या सवलतीवर इतकी बोंब कधी ऐकू आली नाही. यावर मी जास्त बोलत नाही.

ब्रिटनमध्ये आयुष्य घालवून बडोद्याला परतलेल्यांची आणखी एक दुखरी नस आहे. त्यांची सरकारी पेन्शन इथे मिळते, पण गोठलेली: सुरू झाली त्या दिवशीचा आकडा मरेपर्यंत तोच. तोच माणूस अमेरिकेत किंवा स्पेनमध्ये राहिला असता तर दरवर्षी वाढ मिळाली असती. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथे नाही. जगभर चार लाखांहून जास्त पेन्शनर असे अडकले आहेत. ॲनेट कार्सन या दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या बाई युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेल्या आणि २०१० मध्ये हरल्या. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं, की वाढ द्यायची की नाही हे देशांमधल्या करारांवर अवलंबून आहे. राष्ट्रकुल, राणी, क्रिकेट सगळं जवळचं. पेन्शनच्या वाढीला मात्र तुर्कस्तान जवळचा, कारण त्याच्याशी करार आहे.

युरोपने तर नाणंसुद्धा एक केलं. तिथे कंपनीची पेन्शन एक झाली असेल ना?

सरकारी पेन्शनपुरतं त्यांचं जोडणीचं काम उत्तम आहे. १९५८ पासून नियम आहेत, आज ८८३/२००४ क्रमांकाचं नियमन चालतं. पोलंडमध्ये दहा, फ्रान्समध्ये पंधरा, पोर्तुगालमध्ये आठ वर्षं केलेल्याचं काही बुडत नाही. प्रत्येक देश आपापला तुकडा देतो.

कंपनीच्या पेन्शनची कथा वेगळी, आणि पगार खात्यातल्या माणसाला तीच जास्त गोड लागते.

१९९१ मध्ये युरोपीय आयोगाने पेन्शन फंडांसाठी पहिला मसुदा आणला. १९९४ मध्ये तो मागे घ्यावा लागला, कारण फंडांनी पैसा कुठे गुंतवायचा यावर देशांचं जमेना. २००३ मध्ये एक निर्देश, म्हणजे सभासद देशांनी पाळायचा युरोपीय नियम, कसाबसा झाला. आता एक फंड अनेक देशांतल्या कामगारांना चालवता येईल, असं त्यात होतं. पण एक पाचर मारलेली होती: सीमा ओलांडणाऱ्या फंडात पैसा कायम पूर्ण भरलेला पाहिजे. देशातल्या देशात चालणाऱ्या फंडाला तूट भरून काढायला मुदत मिळते, सीमेपलीकडे माणसं असली की ती मुदत नाही. तुटीत असलेल्या ब्रिटन-आयर्लंडच्या सामाईक फंडांना हे झेपणारं नव्हतं. असे फंड आजही संपूर्ण युरोपात बोटांवर मोजण्यासारखे. बेल्जियमने २००६ मध्ये खास कायदा करून सांगितलं, तुमचे फंड आमच्याकडे आणा. एक देश पाहुण्यांसाठी पाट मांडतो तेव्हा शेजारी दार लावून घेतात. २०१६ च्या सुधारित निर्देशात फंड सीमेपलीकडे हलवायला सभासदांच्या बहुमताची संमती लागते अशी अट आली.

त्याच काळात दुसरी लढाई चालू होती. ऑक्टोबर २००५ मध्ये आयोगाने म्हटलं, नोकरी बदलणाऱ्याला कंपनीची पेन्शन बरोबर नेता यावी. दिसायला साधी गोष्ट. आपल्याकडे यूएएन (पीएफचा कायमचा एक क्रमांक) आल्यापासून पीएफ जसा खात्यामागोमाग चालतो, तसंच. पण जर्मनीत कितीतरी कंपन्यांची पेन्शन कुठल्या फंडात नसतेच, ती कंपनीच्या वहीत देणं म्हणून लिहिलेली असते. तो पैसा कारखान्यात फिरत असतो. कामगार जाताना तो रोख द्यायचा म्हणजे कंपनीने यंत्रं विकायची का? नेदरलँड्सची चिंता निराळी. तिथे वर्गणी करमुक्त आणि पेन्शन करपात्र. माणूस पैसा घेऊन दुसऱ्या देशात गेला की सूट डच सरकारने दिली आणि कर दुसऱ्याने वसूल केला. शिवाय तिथल्या उद्योगवार फंडांवर युनियन आणि मालक दोघे मिळून बसतात. पिढ्यांची साठवण ब्रुसेल्सच्या हाती द्यायला दोघांचाही नकार. अशा निर्णयाला तेव्हा सर्वांची संमती लागायची, एका देशाचा नकार पुरायचा.

युरोपीय संघाचे नियम बदलणाऱ्या लिस्बन तहानंतर बहुमत पुरेसं झालं आणि एप्रिल २०१४ मध्ये निर्देश मंजूर झाला. हातात काय आलं? कंपनीच्या पेन्शनचा हक्क जास्तीत जास्त तीन वर्षांत बसला पाहिजे आणि सोडून गेलेल्याचा हिस्सा वाऱ्यावर टाकायचा नाही. पैसा बरोबर नेण्याची गोष्ट गळून पडली. नऊ वर्षं भांडून एवढंच.

तरी हे ‘एवढंच’ मी कमी मानत नाही. निर्देश फक्त देश बदलणाऱ्यांसाठी होता, पण जर्मनीने २०१८ पासून तो सगळ्यांना लावला आणि पाच वर्षांची अट तीनवर आणली. आपली पोरं जर्मन कंपनीत साडेतीन वर्षं काढून परततात तेव्हा त्यांचा हक्क बसलेला असतो. बहुतेकांना माहीतच नसतं. नोकरी सोडताना एचआरला लेखी विचारा.

२०११ ते २०१३ मध्ये आणखी एक तमाशा झाला. विमा कंपन्यांवरचे भांडवलाचे कडक नियम पेन्शन फंडांनाही लावावेत असा घाट होता. ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड एकत्र उभे राहिले. मालक आणि युनियन एका बाजूला बसलेले मी पेन्शनखेरीज फार ठिकाणी पाहिले नाहीत. आयुक्त मिशेल बार्निये यांनी २०१३ मध्ये तो भाग बाजूला ठेवला.

युरोपभर चालणारं पेन्शन खातं निघालं होतं, त्याचं काय?

निघालं. मार्च २०२२ पासून. मूळ प्रकारात शुल्काची मर्यादा वर्षाला १ टक्का. मोठ्या विमा कंपन्यांना एवढ्यात परवडेना, देशांनी करसवलत द्यायला हात आखडता घेतला. पहिली पुढे आली ती स्लोव्हाकियातली एक छोटी कंपनी. बाकी शुकशुकाट.

अमेरिकेतलं ४०१(के) किंवा ब्रिटनमधली कंपनी पेन्शन भारतात आणता येते का?

४०१(के), म्हणजे अमेरिकन कंपनीतलं निवृत्ती बचत खातं, तिथेच ठेवता येतं. साडेएकोणसाठच्या आधी काढलं तर साधारणपणे कराखेरीज १० टक्के दंड. ईपीएफमध्ये ते वळवण्याची सोय नाही. ब्रिटनमध्ये २०१२ पासून कंपनीने कामगाराला आपोआप पेन्शनमध्ये घालणं सक्तीचं झालं, किमान वर्गणी एकूण ८ टक्के. ती बाहेर हलवायची तर तिथल्या कर खात्याने मान्य केलेल्या योजनेतच, नाहीतर २५ टक्क्यांपर्यंत आणि त्याहून जास्तही कर बसू शकतो. कुणी एजंट फोनवर ‘पूर्ण रक्कम महिन्यात आणून देतो’ म्हणाला तर फोन ठेवा.

कराचा जो घोळ व्हायचा तो थोडा सुटला आहे. पूर्वी भारत खात्यात वाढलेल्या रकमेवर दरवर्षी कर लावायचा, तिकडे कर पैसे काढताना. दोन वेगळ्या वर्षांचे कर असल्याने एकाची वजावट दुसऱ्यात मिळेना. २०२१ मध्ये कलम ८९अ आलं: अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या तीन देशांतल्या निवृत्ती खात्यांवर काढताना कर देण्याचा पर्याय. फॉर्म १०-ईई वेळेत भरावा लागायचा. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएला विचारूनच भरा. या तीन ओळींनी परत आलेल्या लोकांचा जेवढा त्रास वाचवला, तेवढा कुठल्या शिखर परिषदेने वाचवला नसेल.

दुबई, मस्कतचं काय?

पेन्शन नाहीच, तर जोडायचं काय. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा, अशी ग्रॅच्युइटी मिळते. मूळ पगार मुद्दाम कमी आणि भत्ते जास्त दाखवलेले असतात, ते जॉइन होतानाच बघा. तिथे असताना स्वतः काही साठवलं तेच म्हातारपणाचं.

दुसऱ्यांना नावं ठेवतो, आपलं घर एकसारखं आहे का?

नाही. ईपीएसमध्ये पस्तीस वर्षं भरली आणि १५,००० ची मर्यादा धरली तर पेन्शन महिना ७,५००. किमान १,०००. केंद्र सरकारी नोकर २००४ पासून एनपीएस या वर्गणीवरच्या पेन्शन योजनेत, गुजरातचे २००५ पासून, राजस्थानने २०२२ मध्ये जुनी पेन्शन परत आणायचं ठरवलं, केंद्राने २०२५ पासून तिसरीच यूपीएस काढली. एका देशात, एका रुपयात ही गत.

आमचे आजोबा बडोदे सरकारच्या नोकरीत कारकून होते. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १ मे १९६० ला गुजरात झालं. त्यांची पेन्शनची कागदपत्रं अजून आमच्या कपाटात आहेत: पहिल्या कागदावर गायकवाडी शिक्का, मग मुंबई सरकारचा, शेवटी गुजरातचा. रक्कम थोडी पुढेमागे झाली, हप्ता बंद झाला नाही. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यातच पेन्शनचा बोजा कुणी किती उचलायचा ते लिहिलं होतं. तीन सरकारांनी नियम एक केले नाहीत. आजोबांची वर्षं तेवढी मोजली.

घरात कोणते कागद सांभाळून ठेवायचे?

त्या देशातला विमा किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांक असलेलं पत्र. प्रत्येक वर्षाची पगाराची शेवटची स्लिप. नोकरी सोडल्याचं पत्र, तारखेसह. सीओसी असेल तर त्याची प्रत. कंपनी पेन्शनचा हक्क बसल्याचं एचआरचं उत्तर, ईमेल असला तरी प्रिंट. आणि यूएएनवर नाव, जन्मतारीख पासपोर्टशी जुळते का ते आत्ताच बघा. ‘जोशी’चं एका ठिकाणी जे-ओ-एस-एच-आय आणि दुसरीकडे शेवटी डबल-ई, एवढ्यावर एका गृहस्थांचा दावा अकरा महिने लटकला होता.

बैठक शनिवारी सहा ते आठ. मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा. मागच्या महिन्यात एकाच्या पत्रावर चहा सांडला.